आठ नंबरचा माग थांबतो, दिवा एकचा लागतो: मल्टिचॅनेल ऑडिओ ड्रायव्हरचा कोड तपासताना

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. "काल नीट चाललं होतं. आज आठ नंबरचा माग थांबला की दिवा एकचा लागतोय. बोर्ड बंद करून चालू केला की पुन्हा नीट."

बोर्ड कसला ते आधी सांगतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि शहराच्या पूर्व भागात चादरी-टॉवेलचे यंत्रमाग ओळीनं उभे असतात. अशा एका ओळीतल्या आठ मागांच्या चौकटींवर एकेक मायक्रोफोन बसवला आहे आणि आठही तारा एका लिनक्स बोर्डावर आणल्या आहेत. मागाचा ठोका थांबला की त्या नंबरचा दिवा लागतो आणि जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर, तिकडे जातो. शेडमध्ये सगळ्या मागांचा मिळून एकच गजर चालू असतो, त्यात एखादा गप्प झालेला लांबून कळत नाही, म्हणून हा खटाटोप. बोर्डाच्या लेखी ही आठ चॅनेलची एक रेकॉर्डिंग आहे. त्यामुळे खालचं बरंचसं कॉन्फरन्सच्या माइकला, डिजिटल मिक्सरला किंवा गाडीतल्या ऑडिओलाही लागू पडेल. स्टुडिओत चॅनेल सरकलं तर पहिल्याच मिनिटाला कुणीतरी हेडफोन काढून ओरडतो. इथे जॉबर चालू मागापाशी जाऊन उभा राहतो आणि बंद पडलेला माग तसाच राहतो. "तुमचा दिवा फसवतोय बघा, त्यापेक्षा कान बरा," असं एका जॉबर अण्णांनी सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

लिहितोय ते ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कर्नेलमधला कोड) लिहिणाऱ्यासाठी कमी आणि तो तपासणाऱ्यासाठी जास्त. कारण या तक्रारीवर एकच पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या नावांनी रिव्ह्यूला (तपासणीला) येतो. कधी "चॅनेल ऑफसेट" नावाचा मॉड्यूल पॅरामीटर, कधी डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे ते सांगणाऱ्या फाइलीत) एक नवी प्रॉपर्टी, कधी अ‍ॅप्लिकेशनमध्येच आठाचा एक आणि एकाचा दोन करणारा तक्ता. पॅच लहान असतो, वाचायला सोपा असतो, आणि पाठवणारा टेस्ट करून आलेला असतो: "सर, ऑफसेट एक दिला की बरोबर येतंय." येणारच. त्या दिवशी, त्या बोर्डावर.

आधी एक प्रश्न विचारायचा

सरकलेलं अंतर दर वेळी तेवढंच असतं का?

याचं उत्तर मिळेपर्यंत कोडची एकही ओळ वाचू नये, असं माझं मत आहे. बोर्ड सुरू केल्यापासून दर वेळी, न चुकता, तेवढंच अंतर येत असेल तर दोष कुठल्यातरी आकड्यात आहे: स्लॉटचा मास्क (बसवरच्या कुठल्या जागा वापरायच्या ते सांगणारा आकडा), फ्रेमचा फॉरमॅट किंवा वायरिंग. तिथे तक्ता दुरुस्त करणं हाच उपाय असू शकतो. पण अंतर कधी शून्य, कधी एक, कधी पाच असं येत असेल, किंवा सकाळी नीट आणि दुपारनंतर बिघडलेलं असेल, तर दोष क्रमात आहे: काय आधी चालू केलं, काय साफ करायचं राहिलं. अशा दोषावर ऑफसेट लावणं म्हणजे थांबलेल्या घड्याळाचे काटे हलवून बरोबर वेळेवर आणून ठेवणं.

पॅच पाठवणाऱ्याकडे हे उत्तर बहुधा नसतं, कारण त्यानं एकदाच सुरू करून एकदाच पाहिलेलं असतं. मग रिव्ह्यूमधली पहिली टिप्पणी तीच. शंभर वेळा चालू-बंद करा, दर वेळचं अंतर लिहा, तो तक्ता पॅचसोबत द्या. निम्मे ऑफसेट पॅच इथेच परत जातात.

आमच्या प्रकरणात अंतर बदलतं होतं. म्हणून आधी क्रमाकडे जाऊ, आकड्यांकडे नंतर.

चॅनेलला नंबर कुठून मिळतो

टीडीएम बसवर आठ चॅनेल एकाच डेटा तारेवरून एकामागून एक येतात. आठही चॅनेलच्या एकेका सॅम्पलची मिळून एक फ्रेम, आणि प्रत्येक सॅम्पलची त्यातली जागा म्हणजे स्लॉट. फ्रेम सिंकचा ठोका आला की स्लॉट शून्य, मग एक, असं सातपर्यंत, मग पुढचा ठोका. तारेवर असताना प्रत्येक सॅम्पलला जागा आहे, कारण ठोक्यापासूनचं त्याचं अंतर ठरलेलं आहे. बोर्डावरचा ऑडिओ कंट्रोलर ते सॅम्पल उचलून फिफोत (आलेल्या क्रमानं डेटा रांगेत धरणाऱ्या छोट्या साठ्यात) टाकतो आणि त्या क्षणी ती ओळख संपते. बऱ्याच कंट्रोलरांच्या फिफोत नुसते ३२ बिटांचे वर्ड एकामागे एक पडलेले असतात, कुणावरही नंबर नाही. डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारं हार्डवेअर) ते त्याच क्रमानं उचलून मेमरीत ठेवतो, आणि अल्सा (लिनक्समधली ऑडिओची व्यवस्था) मान्य करून चालतं की पहिला वर्ड चॅनेल एकचा, नववा पुन्हा एकचा.

म्हणजे नंबर फक्त मोजणीवर टिकून आहे. एक वर्ड जास्त झाला किंवा एक कमी पडला, की तिथून पुढचे सगळे चुकीच्या घरात. आणि ते आपोआप कधीच जागेवर येत नाहीत, कारण वाटेत मोजणी ताडून पाहणारं कुणी नाही.

सरकण्याची दिशाही थोडं बोलते. रेकॉर्डिंग सुरू होताना फिफोत जुना एक वर्ड शिल्लक राहिला असेल तर तो चॅनेल एकच्या घरात बसतो, खरा एक दोनमध्ये जातो, आणि आठ पुढच्या फ्रेमच्या एकात. आठ नंबरचा माग थांबल्यावर एकचा दिवा, ते असं. उलट, चालू रेकॉर्डिंगमध्ये एक वर्ड हरवला तर सगळे एक घर मागे येतात: एकचा माग थांबला की आठचा दिवा. पण यावर फार विसंबू नये. सात वर्ड हरवले तरी दिसायला एक घर पुढे सरकल्यासारखंच दिसतं. कुठून शोध सुरू करायचा एवढंच यातून कळतं.

शिल्लक वर्ड: साफसफाई चुकीच्या खोलीत

आमच्या ड्रायव्हरमध्ये फिफो रिसेट करणारी ओळ होती. व्यवस्थित होती. ती एचडब्ल्यू-पॅरॅम्स कॉलबॅकमध्ये होती. (कॉलबॅक म्हणजे ठरलेल्या टप्प्यावर अल्सा बोलावतं ते ड्रायव्हरमधलं फंक्शन.)

हे इतकं साहजिक वाटतं की रिव्ह्यूत कुणी थांबत नाही. एचडब्ल्यू-पॅरॅम्समध्ये आपण रेट लावतो, चॅनेलची संख्या लावतो, स्लॉट लावतो, मग तिथेच फिफोही साफ करू. पहिल्यांदा चालू करताना हे अगदी बरोबर चालतं. क्रम असतो ओपन, एचडब्ल्यू-पॅरॅम्स, प्रिपेअर, ट्रिगर.

आता ओव्हररन होऊ द्या. अ‍ॅप्लिकेशन वेळेवर वाचायला आलं नाही, अल्साचा बफर भरला, स्ट्रीम थांबली. अ‍ॅप्लिकेशनला ईपाइप हा एरर मिळतो आणि ते सावरायला जातं. सावरण्याची नेहमीची वाट, अल्सा लायब्ररीतलं रिकव्हर फंक्शनसुद्धा, फक्त प्रिपेअर बोलावते आणि स्ट्रीम पुन्हा सुरू होते. एचडब्ल्यू-पॅरॅम्स त्या वाटेवर येतच नाही. डीएमए थांबवला त्या क्षणी फिफोत अर्धवट फ्रेम पडून असेल तर ती तशीच राहते, आणि नवी रेकॉर्डिंग त्या शिळ्या वर्डांपासून सुरू होते. किती वर्ड उरले ते त्या क्षणावर अवलंबून, म्हणून अंतर दर वेळी वेगळं.

"बोर्ड बंद करून चालू केला की नीट" या वाक्याचा उलगडा इथे होतो. बोर्ड बंद करायची गरजसुद्धा नसते, डिव्हाइस क्लोज करून पुन्हा ओपन केला तरी पुरतं, कारण तेव्हा एचडब्ल्यू-पॅरॅम्स पुन्हा चालतं. तक्रार करणाऱ्याला ओपन-क्लोज माहीत नसतं. तो मेन स्विच खाली ओढतो.

साफसफाई असावी ती प्रिपेअरमध्ये, किंवा ट्रिगरच्या स्टार्टमध्ये रिसीव्हर चालू करण्याआधी. याचा चांगला नमुना मेनलाइन (मूळ, अधिकृत) कर्नेलमध्येच आहे. सुरुवातीच्या रास्पबेरी पायमधल्या बीसीएम २८३५ चिपचा आय-टू-एस (ऑडिओ बसचा) ड्रायव्हर प्रिपेअरमध्ये फिफो रिकामा आहे का ते बघतो आणि नसेल तर साफ करतो, कारण रिकामा नसणं म्हणजे आधी ओव्हररन झालेला असणं, हे लिहिणाऱ्यानं गृहीत धरलं आहे. त्याच ड्रायव्हरमध्ये आणखी एक गोष्ट वाचण्यासारखी आहे. त्या चिपचा फिफो साफ व्हायला बिट क्लॉक (बसवर एकेक बिट पुढे सरकवणारा ठोका) चालू असावा लागतो, म्हणून कोड क्लॉक तात्पुरता चालू करतो, साफ झाल्याची खूण मिळेपर्यंत थांबतो, आणि ठरावीक फेऱ्यांत खूण आली नाही तर तसं सांगतो. आपल्या चिपचं काय आहे ते डेटाशीटमध्ये बघितल्याशिवाय "रिसेट बिट लिहिला, झालं" असं मानू नये. क्लॉक बंद असताना लिहिलेला रिसेट काही चिप शांतपणे गिळून टाकतात.

इथे सुचवणी देताना एक सावधपणा. ट्रिगर हा कॉलबॅक एरवी अ‍ॅटॉमिक असतो, त्यात झोपता (प्रोसेसर सोडून थांबता) येत नाही. "फिफो रिकामा होईपर्यंत ट्रिगरमध्ये थांबा" असं लिहिलंत की दोन दिवसांनी एमस्लीप घातलेला पॅच येईल. मोजके मायक्रोसेकंद यूडिलेनं, म्हणजे न झोपता, थांबणं चालतं. त्याहून जास्त लागत असेल तर ते काम प्रिपेअरमध्ये न्यायचं, तिथे झोपायला मुभा आहे.

आणि प्लेबॅक-कॅप्चर दोन्ही असतील तर रिसेट कुणाकुणाला लागतो ते बघायचं. काही कंट्रोलरांत रिसेटचा एकच बिट दोन्ही दिशांना लागू पडतो. मग शेडमध्ये भोंगा वाजवायला कुणी प्लेबॅक सुरू केला की चालू कॅप्चरच्या फिफोवर पाणी पडतं. प्रिपेअरमध्ये "दुसरी दिशा चालू आहे का" ही तपासणी नसेल तर तिथे टिप्पणी टाकायचीच.

सुरुवातीचा क्रम

फिफो साफ आहे असं धरू. तरी रिसीव्हर फ्रेमच्या मधेच जागा झाला तर?

प्रोसेसर स्वतः क्लॉक देत असेल तर ही भीती कमी, कारण फ्रेम सिंक तोच सुरू करतो. पण क्लॉक कोडेककडून किंवा एडीसीकडून (माइकच्या आवाजाचे आकडे करणाऱ्या चिपकडून) येत असेल, आणि तो आधीपासून धावत असेल, तर रिसीव्हर चालू केल्यावर तो पुढच्या फ्रेम सिंकची वाट बघतो की मिळेल त्या बिटापासून सुरू करतो, हे त्या चिपवर ठरतं. बहुतेक कंट्रोलर वाट बघतात. काहींना त्यासाठी वेगळा बिट लावावा लागतो, आणि तो डीफॉल्ट बंद असतो. डेटाशीटमधलं हे एक वाक्य शोधायला अर्धा तास गेला तरी तो खर्ची टाकावा.

कॅप्चर सुरू करण्याचा माझ्या पसंतीचा क्रम असा: रिसीव्हर बंद, फिफो साफ, डीएमए तयार, आणि शेवटी रिसीव्हर चालू. थांबवताना उलट: आधी रिसीव्हर, मग डीएमए. कोडमध्ये रिसीव्हर आधी आणि डीएमए नंतर चालू होत असेल तर मधल्या वेळात फिफो भरून वाहू शकतो, विशेषतः आठ चॅनेलवर. दोन चॅनेलवर टेस्ट करणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. का ते पुढच्या भागात.

हरवलेला वर्ड: कुणालाच न कळलेला ओव्हररन

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे, आणि रिव्ह्यूत सर्वांत कमी पाहिली जाणारी जागाही हीच.

ओव्हररन दोन प्रकारचे असतात आणि बोलताना आपण दोघांना एकच नाव देतो. पहिला वर सांगितला: अ‍ॅप्लिकेशन हळू, मेमरीतला बफर भरला. हा अल्साला कळतो, कारण तिथली मोजणी अल्साच करतं. दुसरा हार्डवेअरच्या फिफोत होतो. डीएमएला बसवर वेळेत जागा मिळाली नाही, फिफो भरला, पुढचे वर्ड पडून गेले. हा अल्साला कळत नाही. डीएमए काही मायक्रोसेकंदांनी येतो, आहे ते उचलतो आणि पुढे चालू लागतो. अ‍ॅप्लिकेशनला एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, फक्त त्या क्षणापासून चॅनेल सरकलेली.

हिशेब करून बघा. फिफो ६४ वर्डांचा धरला आणि रेट ४८,००० धरला, तर दोन चॅनेलवर त्यात ३२ फ्रेम मावतात, म्हणजे सुमारे ६६७ मायक्रोसेकंदांचा आवाज. आठ चॅनेलवर मावतात ८ फ्रेम, सुमारे १६७ मायक्रोसेकंद. डीएमएला मागणी जाते ती फिफो निम्मा किंवा पाऊण भरल्यावर, म्हणजे हातात राहणारी सवड याहूनही कमी. त्याच वेळी एसडी कार्डावर लॉग लिहिला जातोय, नेटवर्कवरून काही चाललंय, आणि ऑडिओच्या डीएमए चॅनेलची प्रायॉरिटी कुणी वर ठेवलेली नाही. स्टिरिओवर वर्षभर न आलेला दोष आठ चॅनेलवर पहिल्याच आठवड्यात येतो, तो असा.

हार्डवेअर मात्र हे लपवत नाही. सहसा प्रत्येक कंट्रोलरला फिफो ओव्हरफ्लोचा स्टेटस बिट असतो, बहुतेकांना इंटरप्टही. ड्रायव्हरमध्ये त्या इंटरप्टचं काय केलंय ते वाचा. आमच्याकडे हँडलर होता. तो बिट साफ करायचा, डीबग पातळीची एक ओळ छापायचा आणि इंटरप्ट हाताळल्याचं सांगून परत यायचा. डीबग पातळी कारखान्यातल्या बोर्डावर बंद. म्हणजे पुरावा नष्ट करून वर सगळं ठीक असल्याचा दाखला.

तिथे हवं ते हे: ओव्हरफ्लो आला की स्ट्रीम ओव्हररनमध्ये गेली असं अल्साला सांगायचं. त्यासाठी तयार फंक्शन आहे, एसएनडी-पीसीएम-स्टॉप-एक्सरन. ते बोलावलं की अ‍ॅप्लिकेशनला नेहमीचा ईपाइप मिळतो, ते प्रिपेअर करतं, प्रिपेअरमध्ये फिफो साफ होतो, मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मधला काही मिलिसेकंदांचा आवाज जातो. मागाच्या ठोक्यासाठी तो गेला तरी कुणाचं काही बिघडत नाही, चुकीचा दिवा लागला तर बिघडतं. संगीताच्या रेकॉर्डिंगवर काम करणारे इथे हात आखडतात, "एवढ्याशासाठी स्ट्रीम कशाला तोडायची" म्हणतात. पण वर्ड तर आधीच गेलेला आहे. उरलेली रेकॉर्डिंग चुकीच्या ट्रॅकवर चालू ठेवण्यात काय मिळवलं?

वर सांगितलेल्या दोन दुरुस्त्या एकमेकींशिवाय अपुऱ्या आहेत. हँडलर सुधारला पण साफसफाई एचडब्ल्यू-पॅरॅम्समध्येच राहिली, तर सावरून सुरू झालेली रेकॉर्डिंग पुन्हा शिळ्या वर्डांवर उभी राहते, आणि मग पॅच पाठवणारा म्हणतो की हँडलर सुधारून काही उपयोग झाला नाही. म्हणून दोन्ही एकाच मालिकेत मागवावेत.

डीएमएच्या बर्स्टबद्दलही (एका खेपेत उचलल्या जाणाऱ्या वर्डांबद्दल) एक वाद नेहमी होतो: बर्स्ट चॅनेलच्या पटीत असावा का? सुरळीत चालू असताना फरक पडत नाही. सहा चॅनेल आणि आठ वर्डांचा बर्स्ट असला तरी फिफोतून क्रमानंच येतं. फरक पडतो तो सुरू-बंद होताना, आणि ड्रायव्हरनं पिरियडचा (बफरच्या एका तुकड्याचा) आकार बर्स्टच्या पटीत कापला असेल तर. सहा चॅनेलची फ्रेम २४ बाइटची. ती ३२ च्या पटीत कापायला गेलात की पिरियडची हद्द फ्रेमच्या पोटातून जाते. हद्द हार्डवेअरसाठी हवीच असेल तर अल्साला कन्स्ट्रेंट (अट) सांगून पिरियडच तसा मागायचा, मागून गुपचूप कापायचा नाही.

आता आकडे

हे तुलनेनं सोपं, कारण आकडा चुकला की दर वेळी तसाच चुकतो.

बिट क्लॉक म्हणजे रेट गुणिले स्लॉट गुणिले स्लॉटची रुंदी. आठ स्लॉट, ३२ बिट, ४८,००० रेट: १,२२,८८,००० हर्ट्झ, म्हणजे १२.२८८ मेगाहर्ट्झ. कोडमध्ये स्लॉटच्या जागी चॅनेल आणि स्लॉटच्या रुंदीच्या जागी सॅम्पलची रुंदी घातलेली असते, आणि आठ चॅनेल ३२ बिटांवर टेस्ट केलं की दोन्ही आकडे जुळतात, म्हणून ते खपून जातं. चारच चॅनेल मागा. क्लॉक निघतो ६.१४४ मेगाहर्ट्झ, बसवर फ्रेम मात्र २५६ बिटांचीच, त्यामुळे खरा रेट होतो २४,०००. दहा सेकंदांची रेकॉर्डिंग वीस सेकंद चालते. २४ बिट मागितले तर ९.२१६ मेगाहर्ट्झ निघतो, आणि १२.२८८ च्या मूळ क्लॉकला पूर्णांकानं भागून तो मिळतच नाही. मग डिव्हायडर जवळचा काहीतरी आकडा घेतो आणि ड्रायव्हर शून्य परत करतो, जणू सगळं झालं. डिव्हायडरकडून प्रत्यक्ष मिळालेला रेट तपासून ड्रायव्हरनं नकार दिला पाहिजे.

मास्कचं: सेट-टीडीएम-स्लॉट या फंक्शनला टीएक्स आणि आरएक्स असे दोन मास्क जातात, आणि मास्कमध्ये प्रत्येक स्लॉटला एक बिट असतो. १५ म्हणजे पहिले चार स्लॉट, २४० म्हणजे पुढचे चार, २५५ म्हणजे आठही. चार चॅनेलच्या दोन एडीसी एकाच तारेवर असतील तर एकीला १५ आणि दुसरीला २४०, आणि आपल्या वाट्याबाहेरच्या स्लॉटमध्ये प्रत्येकीनं तार सोडून दिली पाहिजे. दोघींनी एकाच स्लॉटमध्ये तार धरली तर तिथे येणाऱ्या आवाजाला अर्थ नसतो. एएसओसीचा (बोर्डावरच्या ऑडिओ चिपांसाठीच्या अल्साच्या भागाचा) गाभा टीएक्स मास्क प्लेबॅकसाठी आणि आरएक्स मास्क कॅप्चरसाठी धरतो, पण काही कोडेक ड्रायव्हर टीएक्स म्हणजे "माझ्या पिनेवरून बाहेर जाणारं" असं मानतात, आणि कोडेकच्या पिनेवरून बाहेर जातं ते कॅप्चर. म्हणून मशीन ड्रायव्हरमधला (बोर्डावरच्या चिपांची जोडणी सांगणाऱ्या कोडमधला) आकडा बघून मान डोलवू नये, समोरच्या कोडेकचा कोड उघडावा.

आणखी एक, जे माहीत नसलं की रिव्ह्यूत उगाच भांडण होतं. कोडेकच्या डीएआयला (ऑडिओ बसला जोडणाऱ्या टोकाला) मास्क दिला असेल तर गाभा त्या मास्कमधले चालू बिट मोजून तेवढीच चॅनेल कोडेकच्या एचडब्ल्यू-पॅरॅम्सला सांगतो. स्ट्रीम आठ चॅनेलची असली तरी त्या एडीसीला चारच दिसतात. ते बरोबर आहे. "इथे आठ यायला हवेत" म्हणून कुणी आकडा हातानं कोरला असेल तर तो काढायला सांगा.

फॉरमॅटमध्ये डीएसपी-ए आणि डीएसपी-बी यांत एका बिटाचा फरक. ए मध्ये फ्रेम सिंकनंतर एक क्लॉक सोडून पहिला बिट, बी मध्ये लगेच. दोन टोकांना वेगवेगळं लागलं तर चॅनेल सरकत नाहीत, आवाज बिघडतो, आणि तो कसा बिघडतो त्यावरून दिशा कळते. घेणारा एक बिट उशिरा उचलत असेल तर सगळं दुप्पट मोठं येतं: हळू आवाज छान, मोठा झाला की फाटतो. एक बिट आधी उचलत असेल तर चिन्हाचा बिटच जातो आणि हळू आवाजही खरखरीत येतो. "फक्त जोरात असतानाच फाटतंय" अशी तक्रार आली की प्रीअ‍ॅम्पच्या आधी हे बघावं. मागाच्या शेडमध्ये तर सगळंच जोरात असतं, त्यामुळे ही खूण तिथे मिळत नाही. बाकावर शांतपणे तपासावं.

सस्पेंडबद्दल फार बोलत नाही, हे बोर्ड झोपत नाहीत. तुमचे झोपत असतील तर उठल्यावर स्लॉटचे रजिस्टर परत लिहिले जातात का तेवढं बघा. सेट-टीडीएम-स्लॉट बऱ्याच मशीन ड्रायव्हरांत सुरुवातीला एकदाच बोलावलेलं असतं.

पॅच खरा आहे हे कसं बघायचं

टेस्ट नेहमी एचडब्ल्यू डिव्हाइसवर, प्लगएचडब्ल्यूवर नाही. प्लग हा थर चॅनेलची संख्या आणि फॉरमॅट जुळवून घेतो आणि मग तुम्ही ड्रायव्हर तपासताय की प्लग, ते कळत नाही.

प्रत्येक चॅनेलला ओळख द्या. सिग्नल जनरेटर असेल तर पहिल्याला १०० हर्ट्झ, दुसऱ्याला २००, असं आठव्याला ८००. मग रेकॉर्डिंगमधून वारंवारिता काढणारी दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट अंतर सांगते. जनरेटर नसेल तर सात इनपुट जमिनीला जोडा आणि एकावरच सूर द्या. माइकवर टिचकी मारून बघणं एकदा ठीक आहे, शंभर वेळा कुणी मारत नाही.

पहिल्या प्रकारचा ओव्हररन मुद्दाम आणता येतो. एरेकॉर्ड (अल्साची रेकॉर्डिंगची कमांड) चालू असताना त्या प्रोसेसला स्टॉप सिग्नल द्यायचा, काही सेकंदांनी कंटिन्यू. किंवा प्रॉक फाइलसिस्टिममध्ये अल्साच्या घरात, त्या सबस्ट्रीमखाली, एक्सरन-इंजेक्शन नावाची फाइल असते. कर्नेलमध्ये एक्सरनच्या (ओव्हररन-अंडररनच्या) डीबगचा पर्याय चालू असला की ती दिसते. त्यात काहीही लिहिलं की चालू स्ट्रीमला ओव्हररन बसतो. यानं सावरण्याची वाट तपासली जाते.

पण यातल्या कशानंही हार्डवेअरचा फिफो वाहत नाही, हे लक्षात असू द्या. त्यासाठी डीएमएला खरंच उपाशी ठेवावं लागतं: रेट वर न्या, एसडी कार्डावर मोठी फाइल सतत लिहीत ठेवा, नेटवर्कवरून डेटा ओढा, आणि हँडलरमध्ये मोजलेले ओव्हरफ्लो बघा. मोजणी शून्यच राहिली तर फिफोची मागणी पाठवणारी पातळी तात्पुरती वर ढकला, म्हणजे सवड कमी होते. ओव्हरफ्लोची संख्या वाढली आणि अंतर तरीही शून्यच राहिलं, तर पॅच मान्य. संख्या वाढलीच नाही, तर टेस्ट झालेलीच नाही.

कर्नेल बदलता येत नसेल तर

बसवून झालेल्या काही बोर्डांवर नवा कर्नेल टाकायला लगेच परवानगी मिळत नाही. तिथे अ‍ॅप्लिकेशनमध्ये दोन गोष्टी करता येतात. ईपाइप आला की नुसतं प्रिपेअर न करता डिव्हाइस क्लोज करून पुन्हा ओपन करायचा, म्हणजे एचडब्ल्यू-पॅरॅम्समधली साफसफाई चालते. यानं शिल्लक वर्डांचा प्रश्न सुटतो. हरवलेल्या वर्डांचा सुटत नाही, कारण तो अ‍ॅप्लिकेशनला कळतच नाही. त्यासाठी पाळी बदलताना, माग थांबलेले असतात तेव्हा, डिव्हाइस एकदा बंद करून उघडायचा. चूक झालीच तर ती एका पाळीपुरती राहते.

एखादा इनपुट मोकळा ठेवता येत असेल तर त्याहून चांगलं. सात माग ऐकायचे आणि आठवं इनपुट जमिनीला जोडून टाकायचं. चालू शेडमध्ये पूर्ण शांत चॅनेल तेवढंच असतं, बंद मागाच्या माइकलाही शेजारच्यांचा आवाज येतोच. आठव्या घरात आवाज दिसू लागला की मोजणी घसरली, डिव्हाइस उघडून पुन्हा सुरू करायचा, आणि तोपर्यंत एकही दिवा लावायचा नाही.

कारखानदाराला आठव्या मागासाठी वेगळा बोर्ड का घ्यायचा ते समजावणं हे काम मात्र आपल्याकडेच येतं.